विनंतीवरून आलेला माणूस

यादी भिंतीवर लावली नव्हती. मुख्याध्यापक नरसिंहमूर्तींनी ती एका पुठ्ठ्याला टाचली आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत फिरवली. आम्ही आठ जण होतो. आठ नावं, प्रत्येकापुढे एक तारीख, आणि सहीसाठी जागा. खाली लाल शाईत लिहिलं होतं : यंदाच्या पटसंख्येनुसार या शाळेत एक शिक्षक जादा ठरतो. यादीतलं शेवटचं नाव बदलीसाठी पाठवलं जाईल. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी द्यावी.

शेवटचं नाव वनजाचं होतं. माझं दुसरं होतं.

पुठ्ठा हातात आला तेव्हाच मला कळलं की यादी चुकली आहे.

नियम साधा होता. शाळेत जो शेवटी आला, तो आधी जाणार. पण त्याला एक पोटनियम होता, आणि तो मला पाठ होता, कारण दोन वर्षांपूर्वी मी त्याखाली सही केली होती. जो शिक्षक स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून येतो, त्याची आधीची सगळी वर्षं ज्येष्ठतेसाठी पुसली जातात. नव्या ठिकाणी तो जणू काल नोकरीला लागला. शेजारच्या जिल्ह्यात, हनूरच्या पुढच्या खेड्यांत मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं आणि २००२ साली विनंती करून म्हैसूरला आलो. वनजा २००१ साली आली होती. म्हणजे आमच्या शाळेत सगळ्यांत शेवटी आलेला माणूस मी होतो, पंचावन्न वर्षांचा. निवृत्तीला दोन वर्षांहून कमी उरली असती तर मला सूट मिळाली असती. माझी तीन उरली होती.

नरसिंहमूर्तींनी यादी पगारपत्रकावरून केली होती. तिथं प्रत्येकाची नोकरीला लागल्याची पहिली तारीख असते. त्यांनी माझे जुने कागद काढून पाहिले नाहीत. पाहावेत असं कुणाला वाटलंही नसतं. पिकल्या केसांच्या माणसाचं नाव सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या खाली लिहायचं, हे आमच्याकडे कुणाच्या हाताला सुचत नाही.

"शेषगिरी मेष्ट्रे, काय एवढं बघताय?" नरसिंहमूर्ती म्हणाले. इकडं मास्तरांना मेष्ट्रे म्हणतात. "तुमची तारीख तपासायची गरज नाही. तुमचे केसच सांगतात."

"सांगायला केस राहिलेत कुठं?" शांताक्का म्हणाल्या. त्या शाळेतल्या सर्वांत जुन्या शिक्षिका, यादीत पहिल्या. सगळे हसले. मीही हसलो, आणि सही केली.

वनजा हसली नाही. तिनं पुठ्ठा घेतला, आपलं नाव वाचलं, सही केली आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गात निघून गेली.

तिचा वर्ग तिसरीचा, माझा चौथीचा. तिच्याकडून सुटलेली मुलं माझ्याकडे येत. म्हैसूरला आल्यावर मला पहिला वर्ग मिळाला तो तिच्याच मुलांचा. शिंप्यांची, अगरबत्ती वळणाऱ्या बायकांची, हमालांची मुलं. पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर इतिहासाचा उतारा लिहिला आणि नेहमीसारखं म्हणालो, उतरवून घ्या. मी खुर्चीत बसतो न बसतो तोच मागच्या बाकावरची कावेरी नावाची मुलगी उभी राहिली.

"सर, तिसरं वाक्य जुळत नाही. मधला एक शब्द राहिलाय."

मी वळून पाहिलं. राहिला होता. अठ्ठावीस वर्षांत किती शब्द राहिले असतील कोण जाणे. मुलं उतरवून घेत होती, वाचत नव्हती, आणि मला ते कधी कळलंही नव्हतं.

त्या दिवशी मी वनजाच्या वर्गाबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. तिनं मुलांना घरून काहीतरी छापलेलं आणायला सांगितलं होतं. कुणी अगरबत्तीचा पुडा आणला होता, कुणी विजेचं बिल, कुणी लग्नाची पत्रिका, एकानं तर औषधाच्या बाटलीवरचा कागद सोलून आणला होता. प्रत्येकानं आपला कागद शेजारच्याला वाचून दाखवायचा, आणि शेजाऱ्यानं त्यावर एक प्रश्न विचारायचा. वर्गात बाजारासारखा गलका होता. शांताक्का पलीकडून येऊन माझ्या कानाशी म्हणाल्या, "हिच्या वर्गात शांतता म्हणून नाही, मेष्ट्रे. पण पोरं वाचतात, हे खरं."

हे सगळं यादीत कुठं लिहायची जागा नव्हती. यादीत तारखेचा एकच रकाना होता.

सात दिवसांतले तीन मी घरी कागद वाचण्यात घालवले. बदलीचा हुकूम काढला, माझं प्रतिज्ञापत्र काढलं, खात्याचं परिपत्रक आणून वाचलं. मी चुकत असेन, असं स्वतःला सांगत होतो. परिपत्रकातला तो शब्द वेगळ्या अर्थानं असेल, माझं प्रकरण जुन्या नियमात बसत असेल, यंदाच्या मोजणीला तो पोटनियम लागू नसेल. स्वतःवर शंका घेण्याची सवय मला जन्मभराची. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा सोयीची वाटली. पण कागद स्पष्ट होते. चौथ्या दिवसापासून मी वाचणं थांबवलं.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर वनजा माझ्या वर्गात आली. शाळेत इतरांसमोर ती मला सर म्हणायची आणि कन्नडमध्ये बोलायची. एकटे असलो की काका म्हणायची आणि आपल्या मोडक्या मराठीत बोलायची. तिचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळातले, आमचे विठ्ठलाच्या देवळाभोवती कापड शिवणारे. मराठी दोन्ही घरांत उरली होती, तिच्याकडे थोडी कमी.

"काका, स्वल्प मदत करा ना. मला हरकतीचा अर्ज लिहायचाय."

"मी?"

"तुमच्याएवढं चांगलं कन्नड शाळेत कुणी लिहीत नाही. नरसिंहमूर्ती सरच म्हणाले, शेषगिरींकडून लिहून घे."

मी नाही म्हणू शकलो असतो. डोकं दुखतंय म्हणू शकलो असतो. मी कागद घेतला.

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. ती आली तेव्हा तिसरीच्या एकतीस मुलांपैकी सात जणांना वाचता येत होतं, वर्षअखेरीस सत्तावीस जणांना. आईबापांनी मुलं शाळेतून काढून घेऊ नयेत म्हणून ती संध्याकाळी घरोघर फिरली. पट घटला तो शाळेमुळे नाही. तीन कुटुंबं कारखान्यातल्या कामासाठी बेळगोळला गेली, पाच-सहा मुलांना खासगी शाळेची पिवळी बस न्यायला लागली. मी वाक्यं घोटून घोटून लिहिली. इतका चांगला अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. आणि लिहिताना मला ठाऊक होतं की यातल्या एकाही ओळीला नियमात किंमत नाही. किंमत होती फक्त एका वाक्याला, आणि ते मी लिहीत नव्हतो.

दोन पानं झाली. तिनं ती उभ्याउभ्या वाचली.

"छान झालंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "काका, तुम्ही इतकी वर्षं खात्यात आहात. आणखी काही मुद्दा राहिला का?"

खिडकीतून मैदान दिसत होतं. शिपाई नळाखाली बादल्या लावत होता.

"नाही," मी म्हणालो. "एवढंच."

अर्जाचं उत्तर बारा दिवसांनी आलं. एका ओळीचं : नियमात तशी तरतूद नाही. सोबत कळवलं होतं की जादा शिक्षकांचं कौन्सेलिंग शुक्रवारी सकाळी दहा वाजता होईल. त्यांनी हजर राहून रिकाम्या जागांतून शाळा निवडावी.

ते उत्तर घेऊन रविवारी सकाळी वनजा आणि तिचे वडील आमच्या घरी आले. दत्तोजीराव सरकारी बसवर चालक होते, आता निवृत्त. जाड मिशा, आवाज मोठा. माझी बायको मालती पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर साड्यांना फॉल लावत बसली होती. तिनं मशीन थांबवलं, चहा टाकला आणि पुन्हा येऊन बसली.

"बघा सर," दत्तोजीराव कागद हलवत म्हणाले, "आमच्या पणज्याला महाराजांनी घोडा दिला होता. हे सरकार माझ्या पोरीला एक वर्ग देईना!"

"बाबा, सर काय करणार त्याला?"

"सरांना नाही म्हणत मी. सरांनी केवढा अर्ज लिहिला! मी तो बसस्टँडवर चार जणांना वाचून दाखवला." त्यांनी बशीत चहा ओतला. "मी चौकशी केलीय. रिकाम्या जागा सगळ्या जंगलाच्या कडेला नाहीतर नदीपलीकडं. बिनलग्नाची पोरगी मी तिकडं एकटी पाठवणार नाही. इथल्या विजयनगरचे कॉन्व्हेंटवाले मागं लागलेत, घराजवळ आहे, पगारही बरा. शुक्रवारी गाव मिळालं की शनिवारी राजीनामा. झालं."

"झालं काय?" वनजा म्हणाली. "तिथली पोरं घरीच वाचायला शिकून येतात, बाबा. मी तिथं काय करू?"

"पंख्याखाली बस."

"मी पंख्यासाठी शिकले होय?"

"मग कशासाठी शिकलीस ते सरकारला विचार! त्याला नकोयस तू. हे बघ, लिहून दिलंय." त्यांनी कागद पुन्हा हलवला. ते रागावलेले होते, पण डोळे ओले होते. मग माझ्याकडे वळून एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "सर, एक विनंती. शुक्रवारी तिच्याबरोबर तुम्ही जा. मी गेलो तर साहेबाच्या टेबलावर हात आपटीन. घरातला मोठा माणूस म्हणून जा."

मी मान हलवली.

ते गेल्यावर मालतीनं माझा पेला उचलला. चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"अय्यो, हे काय? आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. ते गृहस्थ रडायला आले होते."

"काय बोलणार?"

"हे मला विचारताय?" ती स्टुलावर बसली. "पंधरा दिवस बघतेय. ट्रंक उघडता, कागद काढता, पुन्हा ठेवता. काय आहे त्यात?"

मग मी सांगितलं. सगळं, क्रमानं. यादी, पोटनियम, सही, अर्ज. माझं बोलणं संपलं तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे तुमच्या जागी ती पोर चाललीय?"

"यादी मी केली नाही."

"यादीचं राहू द्या. मत्ते, मग तुम्ही गप्प का?"

"तुझ्यासाठी," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. सव्वीस वर्षं ती माझ्याबरोबर खेड्यांत राहिली होती, जिथं तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला माझ्याखेरीज एक माणूस नव्हता. इथं आल्यावर भावाचं दुकान समोर, देवळातलं भजन, साड्यांचं काम, शेजारणी. इथं येऊन माणसांत आले, असं ती दर आठवड्याला म्हणायची.

पण तिचा चेहरा बदलला. इतकी रागावलेली मी तिला क्वचित पाहिली होती.

"माझ्या नावावर घालू नका," ती म्हणाली. "हनूरला नेताना मला विचारलं होतं? नव्हतं. तिथं ताप आला, डॉक्टर नव्हता, तेव्हा विचारलं? नाही. आणि आता एका पोरीचं नुकसान करायचं म्हटल्यावर माझी आठवण झाली!"

"मालती, मी गेलो तर आपल्याला पुन्हा—"

"आपल्याला नाही. मी येणार नाही, हे ऐकून ठेवा. मी ही जागा सोडणार नाही. जायचं असेल तर एकटे जा, भात शिजवायला शिका. राहायचं असेल तर राहा. पण माझ्या बायकोसाठी गप्प बसलो, असं कुणापुढं म्हणायचं नाही. देवासमोर पण नाही."

तिनं मशीनचं चाक फिरवलं. मशीनचा आवाज जेवणाच्या वेळेपर्यंत थांबला नाही.

तिनं माझं कारण काढून घेतलं होतं. त्यानंतर जे उरलं ते फार लहान होतं. मला भीती वाटत होती. नव्या गावाची, नव्या वर्गाची, एकट्या खोलीची. आणि त्याहून जास्त, उठून उभं राहण्याची. लोक विचारतील, तुम्ही तर सही केली होती. मी काय सांगणार?

शुक्रवारी निघताना मी बदलीचा हुकूम पिशवीत ठेवला. तो बाहेर काढीनच, असं ठरवलं नव्हतं. फक्त ठेवला.

कौन्सेलिंग एका सरकारी प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये होतं. समोर टेबल, टेबलामागे व्यासराज नावाचे अधिकारी, शेजारी त्यांचे अधीक्षक, जाड चष्म्याचे, आणि बाजूला मोठा फळा. फळ्यावर गावांची नावं होती. नाव पुकारलं की शिक्षक पुढे जायचा, गाव सांगायचा, कारकून फळ्यावरचं ते गाव पुसायचा. आधी ज्येष्ठ, मग कनिष्ठ. पहिल्या तासात शहराजवळची सगळी गावं पुसली गेली.

आम्ही मागच्या रांगेत होतो. त्या टोकाला सगळे तिशीच्या आतले. एका मुलाच्या मांडीवर तक्त्यांची गुंडाळी होती. त्यानं वर्गाच्या भिंतीवरून ते काढून आणले होते, सोडवेना म्हणून. पलीकडची मुलगी म्हणाली, "आपण शेवटच्या पंगतीला बसलोय. पायस संपलं, आता नुसता सार-भात." तिच्याबरोबर वनजाही हसली.

मग ती माझ्याकडे झुकून मराठीत म्हणाली, "काका, मी बाबांना न विचारता गाव घेणार. लांबचं असलं तरी. राजीनामा देणार नाही."

"ते ऐकतील?"

"नाही ऐकणार." ती फळ्याकडे बघत होती. "पण आधी घेते तरी."

बारा गावं उरली. मग नऊ. मग पाच. पंखा फिरत होता तरी माझा सदरा पाठीला चिकटला होता. पिशवीतल्या कागदाची कड बोटांना लागत होती. अजून तीन नावं आहेत, मी मनात म्हटलं. अजून दोन. ती पुढे गेली की बोलीन. ती पुढे जायच्या आधी बोलणं बरं नव्हे का? आता मध्येच उठलो तर कुणाला काय कळणार? मी असाच हिशेब करत होतो आणि कारकुनानं तिचं नाव पुकारलं.

वनजा उठली. टेबलापाशी गेली.

"दोन उरलीत, बाई," व्यासराज मान वर न करता म्हणाले. "एक हेग्गडदेवनकोटेच्या पुढे जंगलाला लागून, एक तलकाडच्या पलीकडे. लवकर सांगा."

ती फळ्याकडे वळली. तिची वेणी मला दिसत होती, आणि कारकुनाच्या हातातलं डस्टर. तिनं बोट उचललं.

मी उठलो होतो. कधी उठलो ते आठवत नाही. रांगेतून बाहेर येताना त्या मुलाच्या तक्त्यांना पाय लागला आणि ते जमिनीवर घरंगळत गेले. सगळ्यांनी मागे पाहिलं.

"थांबा," मी म्हणालो. मी टेबलापर्यंत गेलो आणि हुकूम व्यासराजांच्या समोर ठेवला.

"तुम्ही कोण?"

"शेषगिरी. मी यांच्याच शाळेत."

"तुमचं नाव जादांच्या यादीत नाही. बाहेर बसा."

"असायला हवं होतं," मी म्हणालो.

त्यांनी कागद वाचला. शेवटच्या ओळीशी थांबले आणि पुन्हा वरून वाचला. मग शाळेची यादी मागवून ती शेजारी ठेवली.

"स्वतःच्या विनंतीवरून. २००२." त्यांनी वर पाहिलं. "या हुकमावरची सही तुमची?"

"हो."

"आणि या यादीवरची?"

"तीही माझीच."

"सात दिवस हरकतीची मुदत होती. तुम्ही काय झोपला होता?"

"नाही," मी म्हणालो. "जागा होतो."

व्यासराज खुर्चीत मागे टेकले. "तुम्हाला कळतंय का, मेष्ट्रे? चुकीच्या यादीवर तुम्ही जाणूनबुजून सही केलीत. नोटीस येईल. तुमच्या मुख्याध्यापकांनाही येईल."

"त्यांनी माझं वय पाहून नाव वर लिहिलं. चूक माझी आहे."

"ते नोटिशीच्या उत्तरात लिहा." त्यांनी हुकूम माझ्याकडे सरकवला. "मुदत संपलीय. यादी मंजूर झालीय. मी आता काही बदलू शकत नाही. बाई, गाव सांगा."

मला वाटलं, सुटलो. हे मी लिहून ठेवलं पाहिजे. त्या क्षणी माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की मी बोललो आणि तरीही सुटलो.

कागद परत घ्यायला माझा हात पुढे गेला होता. तेवढ्यात अधीक्षकांनी चष्मा काढला. "साहेब," ते हळूच म्हणाले, "मुदत आहे ती हरकत घेणाऱ्याला. स्वतःविरुद्ध लिहून देणाऱ्याला मुदत कुठं लिहिलेली नाही."

"का नाही?"

"आजवर कुणी दिलंच नाही."

मागून कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. व्यासराजांनी घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे. परत घ्यायला पुढे केलेला माझा हात तसाच टेबलावर होता.

"लिहून देणार?"

या वेळी माझ्याऐवजी कुणी ठरवून टाकलं नाही. वनजा माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"देतो," मी म्हणालो.

कागद त्यांनीच दिला. चार ओळी झाल्या. मी विनंतीवरून आलो आहे, शाळेत सर्वांत कनिष्ठ मी आहे, यादीतील क्रम चुकीचा आहे हे मला ठाऊक होतं, जादा शिक्षक म्हणून माझं नाव घ्यावं. खाली सही केली.

व्यासराजांनी कागदावर शेरा मारला आणि वनजाला म्हणाले, "तुम्ही परत शाळेत जा. पण फार खूश होऊ नका, बाई. जुलैत पुन्हा मोजणी आहे. दहा मुलं कमी झाली तर यादीत शेवटचं नाव तुमचंच." मग मला म्हणाले, "तुम्ही? कुठलं गाव?"

मी फळ्याकडे पाहिलं. दोन्ही नावं सारखीच दिसत होती.

"तलकाडकडचं घ्या," मागून वनजा कन्नडमध्ये म्हणाली. "तिथं सकाळची थेट बस आहे. माझी मैत्रीण होती तिथं."

मी तेच सांगितलं. कारकुनानं डस्टर फिरवलं.

बाहेर ऊन होतं. आम्हा दोघांना एकाच शाळेत जायचं होतं. तिला दुपारचा वर्ग होता आणि मला मुख्याध्यापकांना सांगायचं होतं. थांब्यावर आम्ही दोन हात अंतर ठेवून उभे राहिलो.

"कधीपासून माहीत होतं?" तिनं मराठीत विचारलं.

"यादी आली त्या दिवसापासून."

"माझा अर्ज लिहिताना?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

तिनं ओढणीनं कपाळ पुसलं. "तीन आठवडे मी रात्री बाबांशी भांडत होते," ती म्हणाली. "आई जेवत नव्हती." एवढंच. आभार तिनं मानले नाहीत, आणि मानले असते तर मला कुठं ठेवायचे ते कळलं नसतं.

बस आली. ती पुढच्या दारानं चढली, मी मागच्या. पुढे बायकांच्या जागांवर तिच्या शेजारची जागा आधी रिकामी होती, मग एक म्हातारी येऊन बसली. शाळेच्या थांब्यावर ती आधी उतरली आणि भराभर चालू लागली, कारण दुपारची घंटा झाली होती. मी मुद्दाम मागे राहिलो. मी फाटकाशी पोचलो तेव्हा तिसरीच्या वर्गातून गलका ऐकू आला, आणि त्यातून तिचा आवाज.

नरसिंहमूर्ती आपल्या खोलीत डबा उघडून बसले होते. मला पाहून त्यांनी झाकण खाली ठेवलं.

"काय झालं, मेष्ट्रे? कुठं नेमणूक पडली पोरीची? गेली का?"

"नाही," मी म्हणालो. "वर्गात आहे."

"म्हणजे?"

मी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली. त्यांनाही नोटीस येणार होती, आणि ती माझ्यामुळे. पुढचं सांगण्यासाठी मला बसणं भाग होतं.